जिम थॉर्पचीं दोन पदकें

भाऊबंदकीच्या दाव्यांविषयीं आपल्याकडे असें म्हणण्याचा परिपाठ आहे कीं, आजानें फिर्याद गुदरावी आणि निकाल नातवानें ऐकावा. दिवाणी कोर्टाची पायरी ज्या घराण्यांनीं चढली आहे त्यांना यांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं. परंतु धांवण्याच्या आणि उड्यांच्या शर्यतींचा निकाल लागण्यास ११० वर्षें लागलीं, असें कोणीं सांगितलें तर ती थट्टाच वाटेल. तरी गोष्ट खरी आहे. इ. स. १९१२ च्या जुलै महिन्यांत स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथें ज्या दोन स्पर्धा एका तरुणानें सर्वांदेखत जिंकल्या, त्यांचा एकमेव विजेता तोच होय, असें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें इ. स. २०२२ च्या जुलैंत जाहीर केलें. त्या वेळीं त्याला मरून ६९ वर्षें झालीं होतीं.

त्याचें नांव जिम थॉर्प. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळाच्या आद्य पर्वांतला हा महारथी. खेळाडूंचीं चरित्रें वाचण्याची मला फारशी हौस नाहीं. काव्यनाटकांत रमलेल्या माणसाला चेंडूचें काय कौतुक, असें म्हणून आमच्या घरांतलीं मुलें मला चिडवीतही असतात. परंतु या माणसाची हकीगत हातीं आली आणि ती वाचतां वाचतां खेळ बाजूला राहून मला शाळा, मास्तर आणि शिष्य हेच पुन्हां पुन्हां दिसूं लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. नांव फुटबॉल, पण त्यांत पायाचें काम थोडें आणि हाताचें व खांद्याचें फार. चेंडू वाटोळा नसून सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता. अकरा-अकरा जणांचे दोन संघ असतात. ज्याच्या हातीं चेंडू असेल त्यानें तो काखेंत मारून प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यावयाचा, आणि प्रतिपक्षानें त्याला कवळून भुईवर लोळवावयाचें. ठराविक खेपांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें नाहीं तर चेंडू दुसऱ्यांच्या स्वाधीन. आपल्या हुतूतूंतली झटापट, कुस्तींतली पकड आणि खोखोंतली हुलकावणी हीं एकत्र कल्पिलीं म्हणजे बरीचशी कल्पना येईल. याखेरीज चेंडू हातांतून खालीं सोडून तो भुईवरून उसळतो न उसळतो तोंच त्याला लाथ हाणून दोन उंच खांबांमधून आडव्या दांडीवरून पलीकडे धाडावयाचा, अशीही एक युक्ति आहे. तींत थॉर्पचा हात, किंबहुना पाय, धरणारा त्या काळीं विरळा. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा खेळ इतका रानटी होता कीं, १९०५ च्या हंगामांत कित्येक तरुण प्राणांस मुकले आणि खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी करावी लागली. पुढच्याच वर्षीं चेंडू पुढें फेंकण्याची मुभा मिळाली आणि नुसत्या रेटारेटीच्या जागीं चापल्याला वाव मिळाला. थॉर्पचा उदय नेमका या संधिकालांतला.

त्याचा जन्म १८८७ सालचा. कांहीं ठिकाणीं १८८८ असेंही लिहिलेलें आढळतें. जागा आजच्या ओक्लाहोमा राज्यांतली, जिला त्या वेळीं इंडियन टेरिटरी म्हणत. कोलंबसाच्या चुकीमुळें ज्यांना इंडियन हें नांव चिकटलें, त्या मूळ रहिवाश्यांपैकीं सॅक-अँड-फॉक्स ही त्याची जमात. आईबापांच्या वंशांत थोडें गोरें रक्तही होतें. पण वाढला तो जमातींत, आणि जमातीनें त्याला दिलेलें नांव वा-थो-हक, म्हणजे उजळलेली वाट. चार्ली नांवाचा त्याला जुळा भाऊ होता. तो नवव्या वर्षाच्या सुमारास न्युमोनियानें गेला. त्यानंतर जिमचें शाळेंत मन लागेना. तो वरचेवर पळून घरीं येई, आणि बाप त्याला अधिकाधिक दूरच्या शाळेंत नेऊन घाली; इतकी दूर कीं, पळून येणेंच शक्य होऊं नये. जुळ्यांतला एक गेल्यावर दुसऱ्याच्या मनाची स्थिति काय होते, हें त्या बापानें ओळखलें असेल किंवा नसेलही. आई लवकरच वारली. १९०४ सालीं तो पेनसिल्व्हेनियांतल्या कार्लाइल येथील इंडियन शाळेंत दाखल झाला आणि त्याच सुमारास बापही गेला. सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा आतां खऱ्या अर्थानें शाळेच्या ओटींत पडला.

ही शाळा १८७९ सालीं रिचर्ड हेन्री प्रॅट नांवाच्या लष्करी कप्तानानें जुन्या बराकींत काढली होती. प्रॅटला केवळ दुष्ट म्हणणें अन्यायाचें होईल. या लोकांचा समूळ उच्छेद झाला तरी बरें, असें त्याचे कित्येक देशबांधव उघड बोलत असतां, हीं मुलें बुद्धीनें गोऱ्या मुलांहून रतिभर उणीं नाहींत, असें तो ठासून सांगे. पण त्यासाठीं उपाय कोणता योजिला? मूल आईबापांपासून शेंकडों मैल दूर आणावयाचें, त्याचे लांब केस कापावयाचे, अंगावरचीं वस्त्रें काढून लष्करी गणवेश चढवावयाचा, फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नांवांपैकीं एखादें त्याच्या गळ्यांत बांधावयाचें, आणि मातृभाषेंतला शब्द तोंडावाटे निघाला तर शिक्षा करावयाची. १८९२ सालच्या एका भाषणांत त्यानें आपलें तत्त्व थोडक्यांत सांगितलें. इंडियनाला मारून टाका आणि त्याच्या आंतला माणूस वांचवा, असा त्याचा आशय होता. मीं जन्मभर मुलांना भाषाच शिकविली. एक भाषा शिकवावयाची म्हणून दुसरी मुलाच्या जिभेवरून खरडून काढावी लागते, असें मला कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत आढळलें नाहीं. संस्कृतांतला आत्मनेपदाचा प्रयोग समजावून देतांना मला मराठीचाच आधार लागे. तो काढून घेतला असता तर मीं काय शिकविलें असतें, हें मला ठाऊक नाहीं.

अर्धा दिवस धडे, अर्धा दिवस सुतारकाम, शिंपीकाम अशी तेथली रीत होती. शिवाय मुलांना गोऱ्यांच्या घरीं आणि शेतांवर कामाला धाडीत. याला तेथें संस्कार असें नांव होतें, आपण त्याला गडीकाम म्हणूं. थॉर्पही असा धाडला गेला. शाळेच्या आवारांत १५० हून अधिक मुलें पुरलीं गेलीं. क्षयानें आणि इतर रोगांनीं तीं दगावलीं होतीं. शाळा १९१८ सालीं बंद झाली, पण थडगीं राहिलीं, आणि २०१७ सालापासून अमेरिकन सैन्यखातें त्यांतल्या कांहींचे अवशेष उकरून ज्यांच्या त्यांच्या जमातींच्या स्वाधीन करूं लागलें.

अशा शाळेंत क्रीडाशिक्षक होता ग्लेन वॉर्नर. मुलें त्याला पॉप म्हणत. पॉप म्हणजे बाबा. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. खेळाच्या डावपेंचांत या माणसासारखा कल्पक त्या काळीं क्वचितच होता, हें त्याचे शत्रूही कबूल करीत. १९०७ च्या वसंतांत कामाचे ढगळ कपडे घातलेला थॉर्प मैदानाजवळून चालला होता. उंच उडीचा सराव चालू होता आणि कोणालाही दांडी ओलांडतां येत नव्हती. त्यानें विचारलें, मी करून पाहूं का? आणि त्याच कपड्यांनिशीं तो पांच फूट नऊ इंच उंचीची दांडी ओलांडून आपल्या वाटेनें निघून गेला. वॉर्नरच्या कानीं ही वार्ता गेली आणि मुलाचें दैव फिरलें. फुटबॉलमध्यें त्याला घेण्यास वॉर्नर आधीं नाखूष होता, कारण असा धांवपटु हातपाय मोडून घेऊन बसेल ही भीति. शेवटीं त्याच्या हट्टामुळें चेंडू हातांत दिला आणि सगळ्या संघाला त्याला पाडण्यास सांगितलें. तो सर्वांना चुकवून या टोकापासून त्या टोकाला गेला, आणि पुन्हां एकदां गेला, असें सांगतात.

त्यानंतर कार्लाइलच्या संघानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. ही कांहीं विद्यापीठ नव्हे, उद्योगशाळा. हार्वर्डची गादी तिच्याहून अडीचशें वर्षांनीं जुनी. ११ नोव्हेंबर १९११ रोजीं याच हार्वर्डवर कार्लाइलनें १८ विरुद्ध १५ गुणांनीं जय मिळविला. थॉर्पच्या दुखावलेल्या पायाला पट्टे गुंडाळलेले होते, आणि त्या स्थितींत त्यानें चार वेळां चेंडू खांबांमधून पलीकडे धाडला. पुढच्या वर्षीं ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाचा त्यांनीं २७ विरुद्ध ६ असा पराभव केला. वूंडेड नी येथें सैन्यानें मूळ रहिवाश्यांची कत्तल केली त्याला तेव्हां २२ वर्षेंच झालीं होतीं. मुलांच्या बापांनीं आणि आज्यांनीं ज्या सैन्याच्या गोळ्या खाल्ल्या त्याच सैन्याच्या उमेदवारांशीं नातू धक्काबुक्की करीत होते, आणि पंचांच्या देखत, नियमानें. त्या दिवशीं लष्कराच्या बाजूनें ड्वाइट आयझेनहॉवर नांवाचा एक तरुण खेळत होता. पुढें सेनापति आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही त्याला थॉर्पची आठवण होती आणि तो ती कौतुकानें सांगे.

या दोन सामन्यांच्या मधल्या उन्हाळ्यांत स्टॉकहोमचें ऑलिंपिक झालें. थॉर्प दोन स्पर्धांत उतरला. एक पांच प्रकारांची, पेंटॅथलॉन. दुसरी दहा प्रकारांची, डेकॅथलॉन. पहिलींत त्यानें पांचांपैकीं चार प्रकार जिंकले. भाला फेंकण्यांत तेवढा तो तिसरा आला, आणि भाल्याची ओळख त्याला त्याच वर्षीं झाली होती. दुसरी स्पर्धा तीन दिवस चालली. तिच्यांत धांवणें, अडथळे, उड्या, गोळा, थाळी, बांबूची उडी सर्व कांहीं येतें. मध्यंतरीं त्याचे जोडे कोणींतरी लांबविले. त्यानें मिळतील ते दोन विजोड जोडे पायांत चढविले. एक मोठा होत होता म्हणून त्या पायांत मोज्यावर मोजा घातला. त्या वेळच्या कोष्टकाप्रमाणें त्याला ८,४१२ हून अधिक गुण पडले आणि दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो व्हीस्लँडर सुमारें ७०० गुणांनीं मागें राहिला. स्वीडनचे राजे पांचवे गुस्ताव्ह यांनीं त्याचा हात हातांत घेऊन, आपण जगांतले सर्वश्रेष्ठ खेळाडू आहांत, असे उद्गार काढले. त्यावर त्यानें राजेसाहेबांना साध्या दोन शब्दांत धन्यवाद दिले, अशी आख्यायिका आहे. राजाकडून ब्राँझचा अर्धपुतळा आणि रशियाच्या झारकडून गलबताच्या आकाराचें रुप्याचें पात्र अशीं पारितोषिकें मिळालीं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली. ज्या देशासाठीं हें सर्व केलें त्या देशानें आपल्या सर्व मूळ रहिवाश्यांना नागरिकत्व दिलें तें मात्र १९२४ सालीं.

सहा महिन्यांनीं, १९१३ च्या जानेवारींत, मॅसॅच्युसेट्स राज्यांतल्या वूस्टर गांवच्या एका वृत्तपत्रानें बातमी छापली कीं, हा थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलिना राज्यांत पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. बातमी खरी होती. पैसे म्हणजे काय, तर आठवड्याच्या जेवणाखाण्यास पुरतील एवढे डॉलर. ऑलिंपिकचा नियम असा कीं, खेळण्याबद्दल ज्यानें कवडीही घेतली त्याला तेथें प्रवेश नाहीं. उन्हाळ्यांत असें खेळून चार पैसे जोडण्याचा प्रघात महाविद्यालयीन तरुणांत सर्रास होता. ते खोटीं नांवें सांगत. थॉर्पनें स्वतःचें खरें नांव सांगितलें होतें. सापडला तो यामुळें.

हौशी आणि धंदेवाईक हा भेद मला प्रथमपासून संशयास्पद वाटत आला आहे. याचें मूळ इंग्लंडांतल्या शिष्टवर्गांत आहे. हेन्ली येथील प्रसिद्ध होड्यांच्या शर्यतींत कारागीर, यंत्रावर काम करणारा किंवा मजूर याला हौशी मानावयाचें नाहीं, असा नियमच होता. म्हणजे त्यानें शर्यतीचे पैसे घेतले असोत वा नसोत, पोटासाठीं हात चालविले एवढाच त्याचा अपराध! महाभारतांतल्या रंगभूमीच्या प्रसंगाची येथें कोणासही आठवण व्हावी. कर्णानें अर्जुनाच्या तोडीचीं अस्त्रें दाखविलीं, तेव्हां कृपाचार्यांनीं त्याच्या बाणांविषयीं कांहीं न विचारतां त्याचें कुल विचारलें. आपल्या घरांतूनही ही वृत्ति अपरिचित नाहीं. गाणें अवश्य शिकावें, पण त्याचा पैसा घेऊं नये, असें मोठ्या अभिमानानें सांगणारीं घरें माझ्या पाहण्यांत आहेत. तीं बहुधा ज्यांना पैशाची ददात नव्हती अशांचींच.

परंतु नियम चांगला कीं वाईट, हा वाद मी क्षणभर बाजूला ठेवतों. मला जें लागलें तें निराळेंच. थॉर्पनें अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या मंडळाचे सचिव जेम्स सलिव्हन यांना एक पत्र लिहिलें. आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा, जगाच्या रीतीभाती आपणांस कळत नव्हत्या. इतर मुलें करीत होतीं तेंच आपण केलें, फक्त त्यांच्याप्रमाणें नांव बदललें नाहीं. तरी क्षमा व्हावी, असा त्याचा मतलब. हें पत्र बव्हंशीं वॉर्नरच्या मेंदूंतून उतरलें, असें अनेक चरित्रकारांचें मत आहे. आणि वॉर्नरनें काय सांगितलें? आपणांस यांतलें कांहींच माहीत नव्हतें. शाळेच्या मुख्याधिकाऱ्यानेंही तेंच सांगितलें. दोन वर्षें आपला सर्वोत्तम खेळाडू शाळा सोडून कोठें होता, काय करीत होता, हें त्या बाबांना ठाऊक नसावें! ज्यानें त्याला परत बोलावून घेतलें, संघांत घातलें, ऑलिंपिकला नेलें, त्याला? चरित्रकारांचा यावर विश्वास बसत नाहीं. माझाही बसत नाहीं.

याचें कारण मीं असा कागद एकदां पाहिलेला आहे. मी एका शाळेंत नव्यानें लागलों होतों. शाळाशाळांच्या सामन्यांसाठीं खेडेगांवांतून एक दणकट मुलगा आणविला होता. त्याची फी माफ केली होती आणि जन्मतारखेचा घोळ कार्यालयांतच जमवून घेतला होता. सामने जिंकल्यावर कोणीं तक्रार केली. तेव्हां त्या मुलाचा माफीनामा निघाला: वय आपणच लपविलें, शाळेस याची कल्पना नव्हती. तें पत्र शिक्षकांच्या खोलींत वाचून दाखविण्यांत आलें. त्यांत 'अनवधानानें' असा शब्द होता आणि 'क्षमाप्रार्थी' असा दुसरा. वर्षभर त्या मुलाच्या निबंधाच्या वह्या मी तपाशीत होतों. तें मराठी त्याचें नव्हतें. सही तेवढी त्याची होती, र्‍हस्वदीर्घ चुकलेली. दुसऱ्या वर्षीं तो शाळेंत दिसला नाहीं. संस्थेची अब्रू राहिली.

म्हणून थॉर्पच्या पत्राचा मजकूर वाचतांना मला खेळाडू दिसला नाहीं, त्या मुलाची सही दिसली. १९१४ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीनें कार्लाइलच्या कारभाराची चौकशी केली आणि मुख्याधिकाऱ्याला जावें लागलें. वॉर्नरही लवकरच दुसऱ्या विद्यापीठांत गेला व तेथें अधिक कीर्ति पावला. गेलीं तीं पदकें थॉर्पचीं. नोंदवहींतून त्याचें नांव खोडलें गेलें, राजाचा पुतळा आणि झारचें पात्रही परत घेतलें गेलें. वस्तुतः त्या ऑलिंपिकच्या छापील नियमांतच असें होतें कीं, कोणाच्या हौशीपणाविषयीं तक्रार करावयाची ती सामने संपल्यापासून ३० दिवसांच्या आंत केली पाहिजे. तक्रार आली सहा महिन्यांनीं. पण त्या मुलाच्या बाजूनें नियमांचें पुस्तक उघडणारा कोणी नव्हता. पदकें ज्यांच्याकडे गेलीं त्या दोघांचें वागणें मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. व्हीस्लँडरनें स्वतःला विजेता म्हणून कधींच मानलें नाहीं. ज्याला तुम्ही हरलां तोच खरा, असें म्हणण्यास मोठें मन लागतें. तें या स्वीडिश गृहस्थापाशीं होतें.

पुढचें आयुष्य थोडक्यांत सांगतों. बेसबॉलसाठीं न्यूयॉर्कच्या जायंट्स संघानें त्याला लागलीच उचललें. त्या संघाबरोबर १९१३-१४ च्या हिंवाळ्यांत तो नवपरिणीत पत्नीसह जगाच्या प्रदक्षिणेस निघाला. जपान, ऑस्ट्रेलिया करीत आपल्या शेजारीं सिंहलद्वीपापर्यंत येऊन पुढें मिसरांत व युरोपांत गेला. बेसबॉलमध्यें तो १९१९ पर्यंत रखडला, चमकला नाहीं. फुटबॉल हें त्याचें खरें क्षेत्र. १९१५ सालीं ओहायो राज्यांतल्या कँटन गांवच्या बुलडॉग्ज संघानें त्याला दर सामन्यास २५० डॉलर देऊं केले, आणि विद्यापीठांचा फुटबॉल सोडून धंदेवाईक फुटबॉल पाहण्यास लोक प्रथमच झुंडीनें लोटूं लागले. १७ सप्टेंबर १९२० रोजीं त्याच कँटनमध्यें एका मोटारींच्या दुकानांत कांहीं संघचालक जमले; खुर्च्या पुरेनात म्हणून मोटारींच्या पायऱ्यांवर बसले, आणि त्यांनीं एक संघटना स्थापून थॉर्पला तिचें अध्यक्ष केलें. कारभार त्याला येत नव्हता. नांव पाहिजे होतें. १९२२ सालीं तिनें नॅशनल फुटबॉल लीग हें नांव घेतलें. आज अमेरिकेंत जो खेळ कोट्यवधि लोक पाहतात आणि ज्यांत अब्जावधि डॉलरांची उलाढाल होते, त्याचें बारसें असें झालें.

त्याच १९२२ सालीं वॉल्टर लिंगो नांवाच्या एका कुत्र्यांच्या व्यापाऱ्यानें आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केवळ मूळ रहिवाश्यांचा एक संघ काढला. थॉर्प त्याचा नायक. मध्यंतरांत खेळाडूंनीं पिसांचे मुकुट घालून नाच करावा, शिकारी कुत्र्यांसह नकली लढाया दाखवाव्या, असा करार. शाळेनें ज्यांची पिसें उतरविलीं त्यांना व्यापाऱ्यानें तींच पुन्हां चढविलीं, तिकिटें लावून!

१९२८ सालीं, चाळिशी उलटल्यावर, तो खेळांतून निवृत्त झाला, आणि लागलीच महामंदी आली. दारूचें व्यसन त्याला होतें. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पैसा हातीं टिकत नव्हता. तीन लग्नें झालीं, दोन मोडलीं. पहिला मुलगा अगदीं लहानपणीं १९१८ सालीं वारला, तो घाव त्याला कायमचा राहिला. हॉलिवूडमध्यें गर्दींतला इंडियन म्हणून उभें राहणें, रंगाऱ्याचें काम, पहारेकरी. जें मिळेल तें त्यानें केलें. १९३१ सालीं लॉस एंजेलिस येथें कुदळ घेऊन खणतीचें काम करीत असलेलें त्याचें छायाचित्र वृत्तपत्रांतून झळकलें. पुढच्याच वर्षीं त्याच शहरांत ऑलिंपिक भरलें आणि तिकिटाला याच्यापाशीं पैसे नव्हते. ही गोष्ट कळतांच उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस, ज्यांच्या स्वतःच्या अंगांत कॉ जमातीचें रक्त होतें, त्यांनीं त्याला आपल्याजवळ मानाच्या जागीं बसविलें. आणि त्याचें नांव पुकारतांच प्रेक्षकांचा अफाट समुदाय उभा राहिला. पदकें मात्र कोणीं परत केलीं नाहींत. त्या मागणीला वर्षानुवर्षें आडवा आला तो अव्हरी ब्रंडेज. हा गृहस्थ १९१२ सालीं त्याच दोन्ही स्पर्धांत थॉर्पबरोबर उतरला होता, पुष्कळ मागें राहिला होता, आणि १९५२ पासून १९७२ पर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. नियमांचें अज्ञान ही सबब होऊं शकत नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्याच्या हेतूविषयीं मी कांहीं लिहीत नाहीं.

१९५० सालीं अमेरिकन वृत्तसंस्थेनें अर्ध्या शतकांतला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, असें क्रीडालेखकांना विचारलें, तेव्हां सर्वांत अधिक मतें थॉर्पला पडलीं. १९५१ सालीं त्याच्या जीवनावर बोलपट निघाला. बर्ट लँकेस्टर या नटानें त्याचें काम केलें. त्याच वर्षीं ओठाच्या कर्करोगावर त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तिच्या खर्चासाठीं लोकांपुढें हात पसरावे लागले. २८ मार्च १९५३ रोजीं कॅलिफोर्नियांत लोमिटा येथें, चाकांवरच्या घरांत, हृदयविकारानें त्याचा अंत झाला.

मेल्यावरही त्याची परवड संपली नाहीं. ओक्लाहोमांत जमातीच्या रीतीप्रमाणें अंत्यविधि चालू असतां, तिसरी पत्नी आली आणि विधि अर्धा टाकून प्रेत घेऊन गेली. जो आपलें स्मारक बांधील त्या गांवाचा ती शोध करूं लागली. पेनसिल्व्हेनियांतल्या मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक या दोन गांवांना कोळशाचा धंदा बसल्यामुळें अवकळा आली होती. त्यांनीं एकत्र होऊन १९५४ सालीं जिम थॉर्प हेंच नांव धारण केलें आणि त्याला तेथें ठेवून घेतलें. थडग्यावर राजा गुस्ताव्हचे उद्गार कोरले आहेत.

नियमांचें तें जुनें पुस्तक शेवटीं उघडलें तें रॉबर्ट व्हीलर हा चरित्रकार आणि त्याची पत्नी फ्लॉरेन्स रिडलॉन यांनीं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत कपाटामागें पडलेली १९१२ सालची प्रत बाईंच्या हातीं लागली आणि ३० दिवसांचें कलम लोकांपुढें आलें. १९८२ सालीं समितीला नमावें लागलें. १९८३ च्या जानेवारींत पदकांच्या प्रतिकृति थॉर्पच्या मुलांना देण्यांत आल्या. पण त्याला जोडविजेता म्हणूनच नोंदलें, आणि त्याचे गुण अधिकृत तक्त्यांत घेतले नाहींत. ती उरलेली अर्धी बाकी २०२२ सालीं चुकती झाली, आणि स्वीडन व नॉर्वे या दोन्ही देशांच्या ऑलिंपिक मंडळांनीं त्याला आनंदानें संमति दिली. २०२४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्याला मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मानही दिला.

बापाचे अवशेष घरच्या मातींत न्यावे म्हणून मुलांनीं मात्र निराळाच दावा चालविला. त्यांतल्या एकानें २०१० सालीं फिर्याद केली. मूळ रहिवाश्यांच्या अस्थि संग्रहालयांनीं परत कराव्या, असा जो १९९० सालचा कायदा, त्याचा आधार घेतला होता. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, गांव हें संग्रहालय होऊं शकतें कीं नाहीं? २०१३ सालीं खालच्या कोर्टानें होय म्हटलें. २०१४ सालीं वरच्या कोर्टानें नाहीं म्हटलें. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दखल घेण्याचें नाकारलें. त्याची कबर पेनसिल्व्हेनियांतच आहे. ओक्लाहोमांतला तो विधि अर्धाच राहिला आहे.